वाळू भरलेली नळी डायमधून ढकलताना: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या शॉपमध्ये नव्याने आलेल्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. रिकामी नळी डायमधून, म्हणजे नळीपेक्षा बारीक भोकाच्या कडक पोलादी साच्यातून ढकलली आणि तीच नळी वाळू भरून ढकलली, तर काय फरक पडेल? बहुतेकांचं उत्तर एकच असतं: आतून आधार मिळतो, नळी चेपत नाही. पाइप वाकवताना वाळू भरायची युक्ती सगळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे हे उत्तर लगेच सुचतं. ते चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. वाळू काही वेळ जागा देते आणि मग अचानक द्यायची थांबते. ती कुठे थांबते ते तुम्ही नळी कशी भरली यावर ठरतं, आणि तिथून पुढे नळीची भिंत वेगळ्याच पद्धतीने वागू लागते. हे एकदा स्वतःच्या हाताने करून मोजलं की आयुष्यभर लक्षात राहतं, म्हणून हा प्रयोग पायरीपायरीने लिहितो आहे.

हे ज्ञान कुठे लागतं? पाणी तापवायच्या हीटरची नळी घ्या. तिच्यात तारेच्या वेटोळ्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर भरतात आणि मग नळी रोलमधून काढून बारीक करतात, म्हणजे पावडर घट्ट होते आणि उष्णता नीट बाहेर येते. फ्लक्स भरलेल्या वेल्डिंग वायरमध्ये पट्टीला पन्हळीसारखा आकार देऊन, पावडर भरून, तोंड मिटवून ती ओढतात. मॅग्नेशियम डायबोराइड अतिवाहक (खूप थंड केल्यावर विजेला विरोध न करणारं) आहे हे २००१ साली कळलं, त्याच्या ताराही धातूच्या नळीत पावडर ठासून, ओढून बनवतात. बाहेर धातू आणि आत सुटे कण, एवढं तिन्हींत सारखं.

घरातलं उदाहरण हवं असेल तर पुरणपोळी आठवा. कणीक सैल आणि पुरण घट्ट राहिलं की लाटताना पुरण एका जागी गोळा होतं, कणीक त्याच्यावरून पातळ होत जाते आणि पोळी फुटते. दोन्ही सारख्या मऊपणाचे असले की सारण कडेपर्यंत पोहोचतं. नळी आणि वाळूचं नातं हेच आहे. फरक एवढाच की पुरण लाटताना आपला घट्टपणा बदलत नाही, वाळू बदलते.

नळी

६०६३ ॲल्युमिनियमची नळी घ्या: बाहेरून २० मिमी, भिंत २ मिमी, म्हणजे आतून १६. तुकडा ८० मिमी लांब. याहून लांब घेऊ नका, ढकलताना वाकेल. बाजारात मिळणारी नळी बहुधा कडक केलेली असते, ती आधी मऊ करा. भट्टी असेल तर सुमारे ४१५ अंशांवर दोन-तीन तास ठेवून भट्टीतच सावकाश थंड होऊ द्या. भट्टी नसेल तर जुनी युक्ती वापरा: नळीवर कपड्याचा साबण घासा, ज्योत फिरवत राहा, साबण काळा पडला की थांबा. इतकं मऊ होणार नाही, पण प्रयोगापुरतं चालेल.

इथे तांब्याची सवय आड येते. तांबं लाल करून पाण्यात बुडवलं तरी ते मऊच राहतं. ६०६३ गरम असताना पाण्यात टाकली तर ती पुढच्या दिवसांत हळूहळू पुन्हा कडक होत जाते. तिला पाणी दाखवू नका.

आणि एक नियम मोडायचा नाही: नळी मऊ करायची ती रिकामी असताना. भरून, बुच मारून तापवायची नाही. का, ते पुढे सांगतो.

वाळू

फाउंड्रीत वापरतात ती सिलिका वाळू घ्या. चाळून ०.३ ते ०.६ मिमीचे दाणे वेगळे करा. अगदी बारीक पीठ ठेवू नका आणि मिमीच्या वरचे खडेही नकोत. माझा अनुभव असा की दाणा भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठा झाला की नळीच्या आत खड्डे पडतात आणि त्यांची सावली बाहेरून दिसू लागते.

वाळू धुवा आणि लोखंडी कढईत परतून कोरडी करा. नाशिकच्या पावसाळ्यात, आणि इगतपुरी-घोटीच्या बाजूला तर जास्तच, उघड्या पोत्यातली वाळू हाताला कोरडी लागते पण आत ओल धरून असते. मी शिकाऊ असताना जुलै महिन्यात एका शॉपमध्ये आम्ही तांब्याची नळी वाकवत होतो. वाळू अशीच पोत्यातून काढून भरली, दोन्ही टोकांना लाकडी बुच ठोकले आणि ज्योत लावली. आतल्या पाण्याची वाफ झाली. बुच बंदुकीच्या गोळीसारखा सुटला आणि समोरच्या पत्र्यात घुसला. समोर त्या क्षणी कोणी उभं नव्हतं, एवढंच आमचं नशीब. तेव्हापासून मी वाळू तापवून, वजन करून, पुन्हा तापवून बघतो. दोन वजनं सारखी आली की ती कोरडी.

सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथून निघत नाही. चाळताना धूळ अडवणारा चांगला मास्क लावा, आणि टेबलावरची वाळू कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा.

भरणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. डाय चुकली तर दुसरी करता येते. भरणं चुकलं तर नेमकं काय चुकलं हे नंतर कळतही नाही.

धान्याच्या दुकानात मापाने बाजरी घेताना पाहिलं असेल. सैल ओतलेलं माप आणि दोनदा जमिनीवर आपटून भरलेलं माप यांत ओंजळभर फरक पडतो. माप तेच, दाणे तेच, फक्त दाण्यांमधल्या पोकळ्या कमी झाल्या. सारख्या आकाराचे गोल दाणे नुसते ओतले तर एकूण जागेच्या साधारण ५५ ते ६० टक्के जागा दाणे व्यापतात. हलवत, ठोकत राहिलं तर ६४ टक्क्यांपर्यंत जातात, आणि तिथे ते अडतात. दाणे न फोडता, न रचता त्यापुढे जाणं जवळपास अशक्य. वाळूचे दाणे अगदी गोल नसतात, पण आकडे याच आसपास राहतात.

आता आपल्या नळीचा हिशेब करू. पुढे १० मिमी आणि मागे १० मिमी बुचासाठी सोडले तर वाळूचा स्तंभ ६० मिमी उंच, आकारमान सुमारे १२ घनसेंमी. सिलिकाची घनता २.६५. दाणे ५८ टक्के जागा भरत असतील तर वाळू १८.५ ग्रॅम बसते, ६४ टक्क्यांना २०.५ ग्रॅम. म्हणजे सैल आणि ठासून यांत फक्त दोन ग्रॅमांचा फरक. यासाठी किराण्याचा काटा चालणार नाही. सराफ बाजारात सोनारांपुढे असतो तसा बारीक काटा लागतो. स्वस्तातला घेतला तरी चालेल, ०.१ ग्रॅम दाखवला पाहिजे.

नवी मुलं एक चूक हटकून करतात. सगळी वाळू एकदम ओततात आणि वरून दांड्याने जोर देऊन दाबतात. त्याने वरची वाळू घट्ट होते, खालची तशीच सैल राहते. कारण वाळूवर दिलेला दाब सरळ खाली जात नाही. दाणे आडवे होऊन भिंतीला रेटतात आणि घर्षणाने भिंतच तो भार पेलते. जान्सन नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९५ साली धान्याच्या कोठारांसाठी हा हिशेब मांडला. आपल्या १६ मिमीच्या नळीत घर्षणाचा गुणांक ०.४ आणि आडव्या-उभ्या दाबाचं प्रमाण ०.५ धरलं तर दर २० मिमी खाली गेल्यावर दाब जवळजवळ एक-तृतीयांश उरतो. ६० मिमी खाली पाच टक्केच पोहोचतो. दांड्यावर तुम्ही कितीही जोर लावा, तळाच्या वाळूला त्याचा पत्ता लागत नाही.

म्हणून थर लावून भरा. १० मिमीचा थर घाला, नळी बाहेरून लाकडी हातोडीने वीस-पंचवीस वेळा हलके ठोका, मग पुढचा थर. पहिल्यांदा ५८ टक्क्यांवर थांबा, म्हणजे एकूण १८.५ ग्रॅम. प्रत्येक थराला सुमारे ३.१ ग्रॅम आधीच तोलून कागदाच्या पुड्यांत ठेवा. पुडी संपली आणि थर १० मिमी भरला की ठोकणं थांबवा.

याच वेळी एक गोष्ट अवश्य करा. एक थर साध्या वाळूचा, पुढचा रंग दिलेल्या वाळूचा. रांगोळीचा रंग पाण्यात कालवून वाळूला चोळून वाळवला की चांगला बसतो. फक्त रांगोळीची पावडर वाळूत मिसळू नका, ती फार बारीक असते आणि पोकळ्या भरून टाकते. हे थर शेवटी आत काय घडलं ते दाखवतील. बाहेरून नळीवर स्क्रायबरने दर १० मिमीवर एक गोल रेघ मारा.

बुच

पुढचा बुच मऊ हवा, कारण तो डायमधून जाणार. बाटलीचं कॉर्क किंवा ओला करून घट्ट कोंबलेला आणि पूर्ण वाळलेला कागद चालतो. तिथे ॲल्युमिनियमचा भरीव तुकडा ठोकलात तर भरीव सळई दाबायचा जोर लागेल आणि तिथेच सगळं अडेल. मागचा बुच पोलादी, १५.८ मिमीचा. त्याचं तोंड नळीच्या काठाशी सपाट यायला हवं. पंच (प्रेसचा जोर नळीवर देणारा दांडा) भिंतीवर आणि बुचावर एकदम टेकला पाहिजे. बुच वर राहिला तर सगळा जोर आधी वाळूवर येतो, आत गेला तर आधी भिंतीवर. मागचे १५ मिमी डायमध्ये न्यायचे नाहीत, तिथे पोलाद आहे.

नळीच्या पुढच्या काठाला बाहेरून लेथवर थोडा उतार द्या, म्हणजे ती डायच्या तोंडात सरळ बसेल.

डाय आणि स्लीव्ह

दोन डाय लागतील: एक १८ मिमीची, एक १६ मिमीची. डी-टू किंवा ओएचएनएस पोलादाच्या, कडक करून पॉलिश केलेल्या. आतला उतार अक्षाशी १२ अंशांच्या आसपास, पुढे सरळ भाग ३ मिमी. उतार तीव्र केला तर वाळू तोंडाशी जोरात घासली जाऊन अडते, फार निमुळता केला तर लांबी वाढून डायचंच घर्षण वाढतं.

नळीला बाहेरून आधार देणारी स्लीव्ह हवीच. मऊ केलेल्या ६०६३ चा यील्ड (ज्या ताणाला धातूचा आकार कायमचा बदलू लागतो तो) सुमारे ५० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला, तर ११३ चौरस मिमीची आपली भिंत जेमतेम पावणेसहाशे किलोला चेपायला लागते. डायमधून ढकलायचा जोर त्याच्या आसपास सहज जातो. पहिल्या डायला २०.२ मिमीची स्लीव्ह, दुसऱ्या डायला १८.२ ची.

नळीला आणि डायला मोली ग्रीस लावा, पण ग्रीस वाळूपर्यंत जाऊ देऊ नका.

ढकलणं

हाताने पंप करायचा वर्कशॉपमधला हायड्रॉलिक प्रेस पुरतो, फक्त त्याला प्रेशर गेज हवा. सेकंदाला मिमीभर किंवा त्याहून सावकाश. डायच्या समोर उभे राहू नका, बाजूला राहा, गॉगल घाला. कडक डाय फुटली तर तुकडे दूर उडतात.

एक जण पंप करेल, दुसऱ्याने दर ५ मिमीला गेज वाचून वहीत लिहायचं. मी हे आकडे नंतर आलेखात काढतो, कारण त्या रेषेचा आकार खूप सांगतो. आधी दाब चढतो, नळीचं तोंड डायमध्ये भरतं. मग कॉर्क गेल्यावर थोडा थबकतो. वाळूचा भाग आला की परत चढून स्थिर होतो. गेजचा काटा करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली नाचू लागला तर वाळू आत अडकत आणि सुटत पुढे जाते आहे. अशा नळीवर हात फिरवला तर ऊसाच्या पेरांसारखे उंचवटे जाणवतात. त्याचं कारण बहुतेक वेळा असमान भरलेले थर हेच निघतं.

आवाजही ऐका. रेती चघळल्यासारखा करकर आवाज आला तर दाणे फुटायला लागले.

पहिला पास (डायमधली एक फेरी) झाला की डाय उलटी करून, पुढच्या काठावर पितळी दांडा टेकवून नळी मागे ठोकून काढा. न गेलेलं टोक हॅकसॉने कापा, सांडलेली वाळू तोलून वहीत लिहा, नवा पोलादी बुच बसवा आणि दुसऱ्या डायला जा.

मोजणं

खरा आनंद इथे आहे. तीन नळ्या बनवलेल्या असाव्यात: एक रिकामी, एक १८.५ ग्रॅमची, एक वीसच्या वर ठासलेली.

पहिल्या डायनंतर, म्हणजे २० वरून १८ वर आल्यावर, रिकाम्या नळीची भिंत सुमारे २ मिमीच राहील, किंचित जाडही होईल. आत कोणी अडवत नाही, म्हणून धातू आतल्या बाजूला सरकतो. आता वाळू भरलेली मोजा: दाणे ५८ वरून ६४ टक्क्यांपर्यंत दाबले गेले असतील तर हिशेबाने भिंत १.९३ मिमी येते. फरक केसाएवढा. पहिल्या पासमध्ये पोकळ्या मिटल्या, भिंतीला फारशी झळ लागली नाही.

दुसऱ्या डायनंतर, १६ मिमीवर, चित्र पालटतं. भिंत २ मिमीच ठेवून नळी १६ वर आणायची असती, तर वाळूला ८० टक्के जागा व्यापावी लागली असती. अखंड दाण्यांना ते जमत नाही. दाणे ६४ टक्क्यांवरच अडले, तर भिंतीला पातळ होण्याशिवाय गत्यंतर नाही. हिशेब सांगतो: १.७२ मिमी. लांबी मूळच्या १.४७ पट. वाळूऐवजी अजिबात न दबणारं काही भरलं असतं तर भिंत १.६ मिमी झाली असती. म्हणजे तुमचं माप २ आणि १.६ यांच्यामध्ये कुठे पडतं, त्यावरून आतली वाळू किती घट्ट झाली ते न कापताही कळतं. तुमचं माप १.८ च्या वर आलं तर दाणे फुटले आहेत किंवा वाळू कुठेतरी गळली आहे. सांडलेल्या वाळूचं वजन जुळत असेल तर ती गळालेली नाही. नंतर हीच थोडी वाळू, पुढे सांगितलेलं एपॉक्सी ओतण्याआधी, ०.३ च्या चाळणीतून काढा. सुरुवातीला तिच्यातून काहीच पडत नव्हतं. आता जे पांढरं पीठ पडेल ते फुटलेल्या दाण्यांचं.

ठासून भरलेल्या नळीत हे सगळं पहिल्या डायमध्येच सुरू होतं. शिवाय तिला जोर जास्त लागतो, आणि त्याचं कारण नुसती कमी पोकळी नाही. घट्ट बसलेल्या दाण्यांना एकमेकांवरून सरकायचं असेल तर आधी एकमेकांवर चढावं लागतं, म्हणून ते फुगतात. ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली हे दाखवलं. समुद्रकिनारी ओल्या वाळूवर पाय ठेवला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते ती यामुळेच. पाणी फुगलेल्या पोकळ्यांत खाली जातं. डायच्या तोंडाशी वाळूला सरकावंच लागतं. ती फुगायला बघते, भिंतीला बाहेर रेटते, भिंत डायवर दाबली जाते आणि घर्षण वाढतं. म्हणून "जितकं ठासाल तितकं चांगलं" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. हीटरसारख्या कामात शेवटी घट्टपणा हवाच, पण तो डायने किंवा रोलने द्यायचा, भरताना सगळा संपवायचा नाही. भरतानाचा सैलपणा ही तुमची शिल्लक आहे.

आता नळी उभी कापायची. तशीच कापली तर वाळू सांडेल. आधी एका टोकातून पातळ एपॉक्सी ओता, नळी रात्रभर उभी ठेवा, दुसऱ्या दिवशी हॅकसॉने मधोमध कापून पॉलिश पेपरवर घासा. रंगीत थर उघडे पडतील. १० मिमीचा थर १४.७ मिमीच्या आसपास लांबला असेल तर वाळू भिंतीबरोबर चालली. कमी लांबला असेल तर ती मागे घसरली. थरांच्या कडा सरळ राहत नाहीत, धनुष्यासारख्या वाकतात. मधली वाळू आणि कडेची वाळू वेगळ्या वेगाने गेली, त्याची ती खूण. पुढच्या टोकाजवळचे पहिले १५-२० मिमी हिशेबात धरू नका. तिथे कॉर्कमुळे वाळू सैल असते आणि भिंत जाड निघते.

एपॉक्सी न ओतलेल्या, वाळू काढलेल्या भागात आतल्या भिंतीवर बोट फिरवा. पहिल्या पासची नळी जवळपास गुळगुळीत लागेल. दुसऱ्या पासची खरखरीत, प्रत्येक दाण्याने आपला ठसा उमटवलेला. तो खरखरीतपणा जिथे सुरू होतो तिथेच वाळूने जागा द्यायचं थांबवलं.

हे एकदा जमलं की वाळूच्या जागी जाडं मीठ भरून बघा. मिठाचे दाणे दाबाखाली फुटून आणि एकमेकांत रुतून ६४ च्या पुष्कळ पुढे जातात, त्यामुळे भिंत वेगळी मोजमापं देते. प्रयोग झाल्यावर पाण्यात ठेवलं की मीठ विरघळतं आणि आतला पृष्ठभाग अख्खा बघायला मिळतो. फक्त त्याच दिवशी नळी आणि डाय दोन्ही स्वच्छ धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा. खारं पाणी राहिलं तर सकाळपर्यंत पॉलिश केलेल्या डायवर गंज चढलेला असतो.